सरळ केलेले दात

फोटो आला तो तपकिरी कागदात गुंडाळून, दोरीनं करकचून बांधलेला. तो उघडायचा मान थोरल्यानं स्वतःकडे ठेवला. घरातल्या बहुतेक गोष्टींचा मान तो स्वतःकडेच ठेवायचा, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. रविवारची सकाळ होती. दवाखान्याच्या पुढच्या खोलीत, जिथं एरवी माणसं गाल धरून बसायची, तिथं मधल्या भावानं खुर्च्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. आईला जाऊन दोन महिने झाले होते आणि आज चार वाजता तिच्या आठवणीसाठी साठ-सत्तर माणसं यायची होती.

"बारकीला हाक मारा," मावशी म्हणाली. "तिच्यामागे उघडलात तर जन्मभर ऐकवेल."

बारकी म्हणजे चव्वेचाळीस वर्षांची, तिघा भावंडांत अंगानं सगळ्यात भरलेली बाई. लहानपणी नाव पडलं ते पडलं. ती मागच्या खोलीतून आली ती कोपरापर्यंत प्लास्टरनं पांढरी होऊन. रविवार असला तरी एका निवृत्त मुख्याध्यापिकेची वरची कवळी उद्या द्यायची होती आणि त्या बाई तीन आठवडे नुसतं पातळ गिळून दिवस काढत होत्या.

थोरल्यानं कात्रीनं दोरी कापली, कागद सोडला, फोटो टेबलावर भिंतीला टेकवला आणि दोन पावलं मागं सरकून उभा राहिला.

आई हसत होती. मागं निळसर पडदा, केस नीट बसवलेले, चौकट चांगली रुंद आणि सोनेरी. बारकी एक पाऊल पुढं गेली, मग अजून एक, मग तिनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"हिचा दात कुठाय?"

"आहेत की," मधला म्हणाला. "सगळे आहेत."

"तेच विचारतेय. सगळे कसे आहेत?"

आईचा वरचा समोरचा डावा दात अर्धा तुटलेला होता. तिरका, खालचा कोपरा उडालेला. बारकीनं आईला त्याशिवाय कधी पाहिलेलंच नव्हतं. आई हसली की आधी तो दात हसायचा आणि मग बाकीची आई. फोटोत त्या जागी एक सबंध, पांढराशुभ्र, शिस्तीत उभा असलेला दात होता. आणि त्याच्या सोबतीला म्हणून की काय, शेजारचे दोनही सरळ केलेले होते.

"स्टुडिओवाल्याकडून नीट करून घेतला," थोरला म्हणाला. "कॉम्प्युटरवर दहा मिनिटांचं काम. दातांच्या डॉक्टरच्या घरात तुटक्या दाताचा फोटो लावायचा का? लोक येणार आहेत, बारके."

बारकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक येणार होते! कुणाचे लोक? दवाखान्याच्या पाटीवर आधी बाबांचं नाव होतं आणि बाबा गेल्यावर थोरल्याचं लागलं, पण बाबा माप घ्यायचे आणि बसवून द्यायचे, इतकंच. कवळी करायची आई. बेचाळीस वर्षं त्या मागच्या खोलीत बसून, मेणात एकेक दात लावून. शहरातली निम्मी म्हातारी माणसं तिच्या हातचे दात लावून जेवत होती आणि त्यातल्या कित्येकांना ते ठाऊकही नव्हतं.

आणि आईची रीत काय होती? कुणाची कवळी करायची झाली की ती आधी निरोप पाठवायची, हसतानाचा जुना फोटो आणा. फोटो नसला तर घरातल्या माणसाला बोलावून घ्यायची आणि खोदून खोदून विचारायची: कुठला दात कुठल्यावर चढलेला होता, फट होती का, सुळा बाहेर यायचा का. मग होता तसाच लावायची. वाकडा तर वाकडा. "सरळ रांग लावून दिली की माणूस घरी जातो आणि त्याचं नातवंड त्याला ओळखत नाही," ती म्हणायची. एकदा कोर्टातले एक कारकून सिनेमातल्या नटासारखे दात मागायला आले होते. आईनं आतूनच ओरडून सांगितलं, "देते. आधी तोंडही त्याचंच घेऊन या!"

"चाळीस वर्षं ती लोकांशी भांडली यासाठी," बारकी म्हणाली. "आणि तू तिलाच सरळ केलंस! तिलाच!"

"आवाज खाली," थोरला म्हणाला. "वरच्या मजल्यावर पाहुणे आहेत."

"असू देत! त्यांनाही बोलव. विचार त्यांना, ही बाई कोण म्हणून."

मधल्यानं घसा खाकरला. भांडण पेटलं की मध्ये काहीतरी वाचून दाखवायची त्याला सवय होती. तो एका वर्तमानपत्रात नोकरीला होता आणि गेली एकोणीस वर्षं निधनवार्तांचं पान सांभाळत होता. घरच्यांच्या मते कामात त्याचा हातखंडा होता. आईवरचं आजचं भाषण त्यानंच लिहिलं होतं, थोरल्यानं वाचायचं म्हणून.

ते त्याला कसं सुचलं हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तीन संध्याकाळी तो कागद पुढं घेऊन बसला होता. इतरांच्या आया त्यानं शेकड्यांनी लिहिल्या होत्या, स्वतःची लिहायला बसला तर पेनातून तेच शब्द आले. तेच, त्याच ओळीनं. तिसऱ्या दिवशी त्यानं ते तसेच राहू दिले आणि मनाला समजावलं की शब्द सगळ्यांना सारखेच लागतात.

"फोटोचं नंतर बघू," तो म्हणाला. "आधी हे ऐका. वेळ किती लागतो ते बघायचंय." आणि त्यानं वाचायला घेतलं. "मितभाषी, सोशिक आणि मनमिळाऊ अशा आमच्या आईनं—"

"मितभाषी?" बारकी म्हणाली.

"—आयुष्यभर पतीच्या कार्यात सावलीसारखी साथ दिली. कधी कुणाला दुखावलं नाही. कधी कुणावर आवाज चढवला नाही—"

मावशी हसली. तिला हसायचं नव्हतं, पण आलं. मग तिनं खोकल्याचं निमित्त केलं.

"वाच की," थोरला म्हणाला.

मधला वाचत राहिला, पण आता त्याचं लक्ष शेवटच्या परिच्छेदाकडे होतं आणि तो परिच्छेद जवळ येईल तसतसा त्याचा वेग वाढत चालला. बारकी रागात आहे, तिच्या कानावरून जाईल, असा त्याचा हिशेब होता. "...तिच्या स्मरणार्थ दवाखान्यातील मागील खोलीचे नूतनीकरण करून तेथे पेशंटसाठी प्रशस्त प्रतीक्षाकक्ष उभारण्यात येत असून तिची प्रतिमा तेथे कायमची विराजमान राहील, हीच तिला खरी श्रद्धांजली."

कागदाची घडी करून त्यानं खिशात घातली.

"काढ बाहेर," बारकी म्हणाली.

"काय?"

"कागद. शेवटचं पुन्हा वाच. सावकाश."

मधल्यानं थोरल्याकडे पाहिलं. थोरल्यानं खिडकीकडे पाहिलं. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, कप पुसत होती. ती तोच कप पुन्हा पुसायला लागली.

"मागची खोली," बारकी म्हणाली. "म्हणजे आईची खोली. म्हणजे जिथं आत्ता माझं प्लास्टर सुकतंय ती खोली."

"तुला सांगणारच होतो," थोरला म्हणाला.

"कधी? चार वाजता? सत्तर माणसांसमोर? टाळ्यांच्या गजरात?"

"हे बघ, शांतपणे ऐक. कवळ्या आता कारखान्यातून करून येतात. माप पाठवलं की चार दिवसांत हजर. तू एकेका कवळीला तीन तीन आठवडे लावतेस. लोक थांबत नाहीत आता. आणि तुला कुठं मी घराबाहेर काढतोय? पुढच्या टेबलावर बस. फोन घे, लोकांना वेळा दे. पंखा आहे, बसायला खुर्ची आहे."

बारकीनं खोलीतल्या एकेका माणसाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं," ती मधल्याला म्हणाली. "लिहिलंसच तू." मग वहिनीकडे वळली. "तुम्हालाही." वहिनीनं मान खाली घातली. "आणि मावशी, तुला?"

"मला म्हणाला, आईच्या नावानं काहीतरी चांगलं करतोय," मावशी म्हणाली. "मी म्हटलं, कर बाबा. मला काय ठाऊक, तुला विचारलेलंच नाही ते."

"नऊ वर्षांची असल्यापासून मी त्या खोलीत बसतेय," बारकी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "पस्तीस वर्षं. आईचं जे काही उरलंय ते तिथं आहे आणि माझ्या हातात आहे. ते तुम्ही तिच्याच नावानं बंद करणार. आणि वर भिंतीवर ही परकी बाई टांगणार. ठीक आहे. दादा, तू वाच. जरूर वाच. तुझं वाचून झालं की मी उठेन आणि सांगेन, ही आमची आई नाही, आणि हे भाषणही तिचं नाही. बघू मग लोक काय म्हणतात ते."

ती मागच्या खोलीत गेली. दार लावल्याचा आवाज आला. त्या आवाजानं थोरल्याची मान जराशी आखडली. वहिनीनं ते पाहिलं.

वहिनीचं आणि सासूचं कधी फारसं जमलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूनं तिला सांगून टाकलं होतं, "तुझ्या हाताला घाई आहे, माझ्या टेबलाला हात लावत जाऊ नकोस." ते वाक्य वहिनीच्या मनातून गेलं नव्हतं. म्हणून नवऱ्यानं खोलीचा बेत सांगितला तेव्हा तिला, खरं सांगायचं तर, मनातून थोडं बरंच वाटलं होतं. "बारकीला आधी सांगा," एवढं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही. आता कप ठेवून ती फोटोसमोर आली आणि तिला स्वतःचाच संताप आला. ज्या बाईशी ती सव्वीस वर्षं मनातल्या मनात भांडली, ती ही नव्हतीच. या फोटोतल्या बाईनं कुणाला काही सुनावलं असेल असं वाटत नव्हतं. हिच्यावर रागावताही येत नव्हतं!

"मावशी, जरा जवळ येऊन बघा," ती म्हणाली.

मावशी काठी टेकत आली. तिनं आधी चष्म्यातून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. "छान आहे बाई," ती म्हणाली. "कुठल्या बँकेच्या जाहिरातीतली आहे?"

"मावशी, चेष्टा पुरे," थोरला म्हणाला.

"चेष्टा नाही करत. माझी बहीण आहे ती, माझ्या अंथरुणात झोपून माझ्या अंगावरचं पांघरूण ओढायची. मला ओळखू येऊ नये? अरे, मेलेल्याबद्दल चांगलं बोलावं हे मलाही पटतं. पण चांगलं बोलायचं ते तिच्याबद्दल ना? तू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोयस."

"फोटो परत करा," वहिनी म्हणाली.

थोरला वळला. "तू पण?"

"मी पण. आणि ती शेवटची ओळ गाळा. आजच्या आज. नाहीतर बारकीबरोबर मीही उठेन." या घरात नवऱ्याविरुद्ध उघड बोलायची ही तिची पहिली वेळ.

मधल्यानं खिशातून कागद काढला, पेन काढलं आणि 'मितभाषी'वर काट मारली. मग 'सोशिक'वर. मग तो काट मारतच गेला. "काहीच उरत नाहीये," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "दादा, मी आईवर एक ओळसुद्धा लिहिलेली नाहीये."

एका तासापूर्वी सगळं घर थोरल्याच्या बाजूनं होतं. आता तो सोनेरी चौकटीशेजारी एकटा उभा होता. त्याला कात्रीत सापडल्यासारखं वाटलं, आणि मग राग आला. साधासुधा नाही, जुना.

तो मागच्या खोलीच्या दारापाशी गेला आणि त्यानं मुठीनं दार वाजवलं. "बारके! उघड. तुम्हा सगळ्यांना तो दात एवढा हवाय ना? मग तो कसा तुटला तेही ऐका."

दार उघडलं. बारकी उंबऱ्यात उभी राहिली.

"चिमटा सटकून लागला," मावशी म्हणाली. "मला तिनंच सांगितलं."

"मला म्हणाली होती, जिन्यावरून पडले," मधला म्हणाला.

"मला म्हणाली, आधीपासूनच तसा आहे," बारकी म्हणाली.

"मी तोडला," थोरला म्हणाला.

वहिनीनं हळूच खुर्ची ओढून घेतली आणि बसली. सव्वीस वर्षांत हे तिच्या कानावर आलं नव्हतं.

"अकरा वर्षांचा होतो. शाळेत बक्षीस समारंभ होता, विज्ञानात पहिला आलो होतो. आईवडिलांपैकी एकानं यायचंच होतं. बाबा परगावी होते. तीन वाजता निघायचं होतं. मी कपडे घालून या दाराशी आलो. दार बंद. आतून म्हणाली, पाच मिनिटं. मी या पायरीवर बसलो. साडेतीन झाले. पाच मिनिटं. चार झाले. पाच मिनिटं. कुणाची तरी कवळी पाच वाजता द्यायची होती. साडेचारला तिनं दार उघडलं, हात पुसत, आणि मला म्हणाली, 'अरे, तू अजून इथंच?'"

त्यानं बाहीनं कपाळावरचा घाम पुसला.

"टेबलावर कवळीचा जड पितळी साचा होता. मी उचलला आणि फेकला. भिंतीवर फेकला होता. शपथेवर सांगतो, भिंतीवर! तिच्या तोंडावर लागला. तिनं रक्त थुंकलं, मला दोन सणसणीत ठेवून दिल्या, तोंड धुतलं आणि परत जाऊन कवळी घासायला बसली. पुन्हा दार लावून. पाच वाजता पेशंट आला तेव्हा कवळी तयार होती."

"आणि कुणाला सांगितलं नाही," मावशी पुटपुटली.

"नाही सांगितलं. म्हणजे मी तिचे उपकार मानायचे! मावशी, मी दातांचा डॉक्टर झालो त्या दिवशी पहिली गोष्ट काय केली असेल? तिला म्हटलं, माझ्या खुर्चीत बस, पहिला तुझा दात करतो. अर्ध्या तासाचं काम. तर म्हणाली, 'माझं तोंड माझं आहे. तुला शिकायला दुसरी तोंडं पुष्कळ मिळतील.' दर वर्षी विचारलं. अठ्ठावीस वर्षं. दर वर्षी नाही. आणि रोज सकाळी चहा घेताना माझ्याकडे बघून हसायची. तो दात दाखवून हसायची! तुम्ही म्हणता, तो दात म्हणजे आई. तुमच्यासाठी असेल. माझ्यासाठी काय होता?"

"दादा—" बारकी म्हणाली.

"थांब. तू बोललीस सकाळपासून. तुला काय, तुला तिनं नऊ वर्षांची असताना आत घेतलं. तुझा हात हलका म्हणून. मला कधी घेतलं? एकदा तरी? बाबांच्या हौसेसाठी डॉक्टर झालो असं वाटतं तुम्हाला? मला या दारातून आत यायचं होतं! तर डॉक्टर झाल्यावरही मी मापं या उंबऱ्यावर ठेवायची आणि तिनं आतून उचलायची. शहराला दात मिळाले. मला काय मिळालं? दार. म्हणून ही खोली मला नकोय. तोडून टाकायचीय. प्रतीक्षाकक्ष! खरंय, प्रतीक्षाकक्षच होता तो. मी एकटाच बसायचो."

बारकीच्या अंगात सकाळपासूनचा राग तसाच होता, पण आता तो थोरल्यावर काढता येत नव्हता. ती खोली आपली एकटीची होती याचा तिला पस्तीस वर्षं अभिमान वाटत आला होता. आतून दार लावताना बाहेर कोण उभं आहे हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. आईनं पाहिलं असणार. आईनं पाहिलं आणि तरी लावलं.

सगळ्यांना वाटलं, ती आता त्याची समजूत घालेल. आईच्या मनात तसं नव्हतं रे, वगैरे. तिला स्वतःलाही वाटलं. पण तोंडातून वेगळंच निघालं.

"शिक्षाच होती ती," ती म्हणाली.

मावशीनं मान वर केली.

"हो, शिक्षाच. उगाच गोड कशाला करू? आई डूख धरायची. मी सव्वीस वर्षांची होते तेव्हा एक मुलगी आली होती, अपघातात समोरचे चार दात गेलेले, लग्न ठरलेलं. रडायला लागली की मला सरळच द्या, आधी वाकडे होते म्हणून सगळे चिडवायचे. मी आईच्या नकळत सरळ लावून दिले. आईला कळलं. अकरा महिने माझ्याशी बोलली नाही. अकरा महिने, दादा! एकाच टेबलावर, समोरासमोर. मेणाचा चाकू हवा असला तर बोटानं दाखवायची. आणि ती मुलगी, ती किती खूश होती! आईचं चुकलं होतं. मी तिला ते कधी म्हटलं नाही, आज म्हणते. तिचं चुकलं होतं. तुझ्याबाबतीतही तिचं चुकलंच."

एवढ्या वर्षांत हे वाक्य थोरल्याला कुणीही म्हटलं नव्हतं.

"मग रागाव ना तिच्यावर," बारकी म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा चढला. "सरळ रागाव! फोटोवर कशाला काढतोस? भिंतींवर कशाला? माझ्यावर कशाला? तिचा दात बुजवून, तिचं तोंड बंद करून, तिला गरीब गाय करून टाकलीस. आता त्या गाईवर रागावणार तरी कसा?"

"गेलेल्या माणसावर रागवायचं?"

"मी रोज रागावते. आज सकाळी प्लास्टर कालवताना दोन शिव्या दिल्या. मला अजून खालचा जबडा नीट जमत नाही आणि ही चालती झाली. कुणाला विचारू मी आता?" आणि मग ती रडली, प्लास्टरच्या हातांनी तोंड झाकून, लहान मुलीसारखी मोठ्यानं. वहिनी उठली आणि तिला धरून उभी राहिली. दोघींचेही कपडे पांढरे झाले.

चार वाजता माणसं आली. सोनेरी चौकट तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात ठेवलेली होती. टेबलावर मूळचा लहान फोटो, तुटक्या दातासकट, पाण्याच्या जगला टेकवला होता. तो मागच्या ओळीतून दिसत नव्हता, म्हणून लोक उठून पुढं येत, वाकून बघत आणि हसत. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "हां, याच त्या. माझ्यावर खेकसल्या होत्या."

थोरला बोलायला उभा राहिला. मधल्यानं दिलेला कागद त्यानं हातात धरला. त्यावर काट मारलेल्या ओळी तेवढ्या होत्या. तो उलटा करून त्यानं टेबलावर ठेवला.

"माझा माझ्या आईवर राग आहे," तो म्हणाला.

खुर्च्यांची करकर थांबली. मग त्यानं पायरीवरची ती दुपार सांगितली, सगळी. पितळी साचा सांगितला. दोन सणसणीत सांगितल्या. पाच वाजता कवळी तयार होती तेही सांगितलं, आणि ते सांगताना त्याचा आवाज असा झाला की वहिनीला कळेना, हा अजून रागावलाय की अभिमानानं सांगतोय. भाषण म्हणून ते काही धड नव्हतं. मध्येच तो अडला, पाणी प्यायला, दोन गोष्टी पुन्हा सांगितल्या. बारकी मागं भिंतीला पाठ लावून उभी होती, बोलायची वेळ आली तर खुर्चीतून उठण्यात वेळ जायला नको म्हणून. ती शेवटच्या ओळीची वाट बघत होती.

"मागची खोली," थोरला म्हणाला, आणि थांबला. "मागच्या खोलीत माझी बहीण काम करते. कवळी तीच करते. आधी आई करायची. पाटीवर नाव आमचं असतं, काम त्यांचं. हे मी आधीच सांगायला हवं होतं." आणि तो खाली बसला. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळलं नाही. काहींनी वाजवल्या, काहींनी डोळे पुसले. मावशीनं शेजारच्या बाईंना मोठ्यानं विचारलं, चहा कधी आहे.

सहाला माणसं पांगली. बारकी आत येऊन कामाला बसली होती. मुख्याध्यापिकेच्या कवळीला अजून घासणी द्यायची बाकी होती. पावलं वाजली आणि पायरीवर थांबली.

"त्या कारखान्याला उद्या नाही म्हणून कळवतो," थोरला उंबऱ्याबाहेरून म्हणाला.

"कळव."

"पण तीन आठवडे म्हणजे फार होतात, बारके. दोन कर."

"बघते."

तो गेला नाही. "झाली ती वरची?"

"जवळजवळ. येऊन बघ."

"इथून दाखव की."

"इथून काय दिसणार? आत ये, दादा."

थोरल्यानं उंबरा ओलांडला. टेबलापाशी आला. आईच्या स्टुलावर बसावं की नाही हे त्याला ठरवता येईना, तेव्हा बारकीनं ते पायानं त्याच्याकडे सरकवलं. तो बसला आणि त्यानं एकदा मागं वळून पाहिलं.

"दार लावू नकोस," तो म्हणाला.

"नाही लावत," बारकी म्हणाली.